मशिनची हजेरी आणि पगाराची भांडणं : या चुका टाळा

महिन्याची सात तारीख जवळ आली की एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी गर्दी होते. “माझे दोन दिवस कुठे गेले?” हाच बहुतेकांचा प्रश्न. मशिनमध्ये पंच (बोट लावल्याची नोंद) नाही म्हणजे माणूस आलाच नव्हता, असं गृहीत धरून त्याला परत पाठवलं जातं. खरं तर मशिन फक्त बोट लागल्याची वेळ टिपतं. हजर की गैरहजर, उशीर किती, ओटी (ओव्हरटाइम) किती, हे सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी भरलेले नियम ठरवतात. त्यामुळे कामगारावर शंका घेण्याआधी ते नियम तपासा.

रात्रपाळीचे दोन तुकडे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रात्री १० ला आत, सकाळी ६ ला बाहेर. सॉफ्टवेअरचा दिवस मध्यरात्री संपत असेल तर एकाच पाळीतला ‘इन’ आज पडतो आणि ‘आउट’ उद्या. दोन्हीकडे मिस पंच (एक पंच कमी), आणि काही ठिकाणी थेट दोन गैरहजेऱ्या. सलग रात्रपाळ्या असतील तर उलटंही होतं. सकाळी ६ चं जाणं ‘इन’ धरलं जातं, रात्री १० चं येणं ‘आउट’, आणि घरी झोपलेला माणूस १६ तास कामावर दिसतो.

याचं उत्तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्येच होतं : पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर नंतरचे तास आदल्या दिवसाचे धरायचे, आणि सुट्टीचे २४ तास पाळी संपल्यापासून मोजायचे. सॉफ्टवेअरलाही नेमकं हेच सांगायचं आहे. शिफ्ट मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या पाळ्यांच्या यादीत, ती पाळी रात्रपाळी म्हणून नोंदवा आणि तिच्यापुरती दिवसाची हद्द दुपारी १२ ते दुपारी १२ ठेवा. पाळी बदलण्याआधी नवं रोस्टर (कुणाची कुठली पाळी, याचा तक्ता) भरा, नंतर नाही. शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी सकाळी संपणारी पाळी रिपोर्टमध्ये कशी दिसते, हे हाताने हिशोब करून एकदा पडताळाच.

८.३० म्हणजे साडेआठ नव्हेत

मशिनचा रिपोर्ट एक्सेलमध्ये घेतल्यावर साडेआठ तास ८.३० असे लिहिले जातात आणि तसेच दराने गुणले जातात. गणितात ते ८.५ हवेत. रोजचे १२ मिनिटं बुडतात. २६ दिवसांत ५ तास १२ मिनिटं. कुणीही चोरी केलेली नसते, तरी कामगाराचे पैसे जातात. मिनिटांना ६० ने भागूनच तास काढा. तासांची बेरीज २४ च्या पुढे गेली की एक्सेलचा साधा वेळेचा फॉरमॅट पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, तेही पाहा.

तीन लेट मार्क, अर्धा दिवस कट

ही पद्धत इतकी रुळली आहे की ती कायदेशीर वाटते. पण वेतन प्रदान अधिनियम, १९३६ चं तत्त्व स्पष्ट होतं : माणूस जेवढा वेळ गैरहजर, त्या प्रमाणातच कपात. तीन दिवस पाच-पाच मिनिटं उशीर झाला म्हणून चार तासांची मजुरी कापणं त्यात बसत नाही. त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. राउंडिंगचंही तसंच. ७ मिनिटं उशीर झाला की १५ धरायची आणि सुटल्यावर १० मिनिटं जास्त थांबला तर शून्य, असं सेटिंग माझ्या मते अन्यायाचंच आहे. राउंडिंग करायचंच असेल तर दोन्ही बाजूंना सारखं करा. खरं म्हणजे मिनिटं मिनिटं म्हणूनच मोजणं आता अजिबात अवघड नाही. ओटी तर दुप्पट दराने द्यायचा असतो, तिथे हरवलेलं प्रत्येक मिनिट दुप्पट महाग पडतं.

बोट लागत नाही

लेथवर, फाउंड्रीत, सिमेंटात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. कूलंटचं तेल आणि थंडीत फुटलेली कातडीही आड येते. दोन्ही हातांची मिळून किमान तीन-चार बोटं नोंदवा, सेन्सर मऊ कोरड्या कापडाने पुसा, आणि तरीही जमत नसेल तर त्या माणसाला कार्ड द्या. चेहऱ्याचं मशिन घेतलंत तर त्याच्यासमोर ऊन येऊ देऊ नका.

दोन गेटांवरच्या मशिनची घड्याळं जुळतात का, हे वीज गेल्यानंतर आवर्जून बघा. नेट बंद असताना पंच मशिनमध्येच साठून राहतात, म्हणून सगळा डेटा वर आल्याशिवाय महिना बंद करू नका. घाईत दोनदा बोट लावल्याने ‘इन’चा ‘आउट’ होत असेल तर डुप्लिकेट पंचची मर्यादा काही मिनिटांची ठेवा, म्हणजे तेवढ्या वेळातला दुसरा पंच धरला जाणार नाही.

ऑफिसातले आणि फिरतीवरचे

कीबोर्ड किती वाजला यावरून काम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला ग्राहकाशी चाललेला फोन किंवा कागदावर केलेला विचार दिसत नाही. त्याचा आकडा पगाराला जोडू नका. फिरतीवरच्या लोकांचं लोकेशन मध्येच गायब झालं तर आधी फोनचं बॅटरी सेव्हर तपासा. ते ॲप गुपचूप बंद करतं. आणि ड्युटी संपली की लोकेशन घेणंही थांबलं पाहिजे.

पगार काढण्याच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येकाला त्याची स्वतःची हजेरी दाखवा आणि तक्रार तेव्हाच घ्या. दुरुस्ती कुणी केली, कधी आणि कशासाठी, हे सॉफ्टवेअरमध्येच लिहून ठेवा; सुपरवायझरने फोनवर सांगितलं म्हणून बदललेला पंच तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.