परदेशातली पदवी: परतण्याआधी अपोस्टिल करा

लिस्बन किंवा लंडनहून शिकून मडगाव-म्हापशाला परतायचं ठरलं असेल, तर सामान बांधण्याआधी पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. हा शिक्का पदवी ज्या देशाची, तिथलंच सरकार देतं. पणजीत कितीही खेपा घातल्या तरी मिळणार नाही. पोर्तुगालमध्ये ते काम तिथल्या महान्यायवादींच्या कार्यालयाकडे आहे. गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाचा तपशीलही तेव्हाच मागून घ्या. पदवी पोर्तुगीजमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर लागेलच, घरातल्या आजोबांना पोर्तुगीज येत असलं तरी ते अधिकृतच हवं!

मात्र अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं. पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे वेगळं ठरतं. पूर्वी ते दाखले भारतीय विश्वविद्यालय संघ देत असे. २०२५ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) त्यासाठी स्वतःची पद्धत आणली. फ्रँचायझी कॉलेजातून, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्याच संस्थेने चालवलेल्या कॉलेजातून, मिळवलेल्या पदव्या त्यात बसत नाहीत, तेव्हा प्रवेश घेण्याआधीच हे तपासलेलं बरं. वैद्यकीय, कायदा, वास्तुकला (आर्किटेक्चर) यांचा मामला त्या-त्या परिषदेकडे.