ट्रेसिंगचा ओव्हरहेड कमी कसा करावा

सर्व्हिस जावाची, ट्रेसिंग (प्रत्येक रिक्वेस्टचा प्रवास टप्प्याटप्प्याने नोंदवणं) ओपनटेलिमेट्री या साधनाचं, आणि ते सुरू केल्यापासून सीपीयू चढलेला. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: सॅम्पलिंग, म्हणजे नोंदवायच्या रिक्वेस्टचं प्रमाण, कमी करा. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. त्यापायी माझे दोन आठवडे गेले.

आधी मोजा, आणि तीन वेळा मोजा. एकदा ट्रेसिंग पूर्ण काढून, एकदा ट्रेसिंग ठेवून पण सॅम्पलर (कोणती रिक्वेस्ट नोंदवायची ते ठरवणारा भाग) 'ऑलवेज ऑफ' करून, आणि एकदा 'ऑलवेज ऑन' करून. तिन्ही वेळा मशीन तेच, लोड तोच, आणि आकडे जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) काही वेळ चालून तापल्यानंतरचेच घ्यायचे. पहिल्या दोन आकड्यांतला फरक हा कोडभर पेरलेल्या कॉल्सचा खर्च, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक हा स्पॅन (रिक्वेस्टमधल्या एकेका कामाची नोंद) भरण्याचा व पाठवण्याचा खर्च. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे न मोजता कोडला हात लावू नका. सरासरी लेटन्सीवर (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेवर) विसंबू नका, पी९९ बघा, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत उरकतात ती वेळ.

सॅम्पलिंग सोपं आहे. काहीच सांगितलं नाही तर ओपनटेलिमेट्री प्रत्येक ट्रेस (एका रिक्वेस्टच्या सगळ्या स्पॅनचा संच) नोंदवते. पॅरेंट-बेस्ड सॅम्पलर (बोलावणाऱ्या सर्व्हिसचाच निर्णय पुढे चालवणारा) ठेवा आणि मुळाशी, म्हणजे ट्रेस जिथे सुरू होतो तिथे, ट्रेस आयडीवर चालणारं प्रमाण द्या. प्रत्येक सर्व्हिसने स्वतःचा वेगळा निर्णय घेतला तर ट्रेस मधेच तुटतात. गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या ट्रेसिंग यंत्रणेवर जो पेपर काढला, त्यात प्रत्येक रिक्वेस्ट ट्रेस केल्यावर वेब सर्चची सरासरी लेटन्सी १६.३ टक्के वाढली होती. १६ पैकी एकच घेतल्यावर वाढ २.१२ टक्क्यांवर आली. मात्र 'टेल सॅम्पलिंग लावा, सर्व्हिस हलकी होईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात ट्रेस ठेवायचा की नाही हा निर्णय कलेक्टरमध्ये (स्पॅन गोळा करणाऱ्या वेगळ्या प्रोग्राममध्ये) होतो, सगळे स्पॅन तिथे पोचल्यावर. तुमच्या सर्व्हिसने ते बनवलेले असतात, पाठवलेलेही असतात. स्टोरेजचा खर्च वाचेल, सीपीयू नाही.

आता मी जिथे अडकलो ती जागा. शंभरात एक ट्रेस ठेवला, तरी सीपीयू जेमतेम हलला. सेटिंग लागूच झालं नसेल म्हणून मी तेच तेच तपासत बसलो. शेवटी असिंक-प्रोफायलर लावला, म्हणजे सीपीयू कुठल्या कोडवर खर्च होतो ते दाखवणारं साधन. त्याच्या फ्लेम ग्राफमध्ये (पट्टा जितका रुंद तितका खर्च जास्त) जेसन, म्हणजे डेटाचं मजकुरी रूप, बनवणाऱ्या कोडचा एक रुंद पट्टा दिसला, आणि त्याला बोलावणारी ओळ आमचीच होती: स्पॅनवर 'ऑर्डर' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट (जोडलेली माहिती) ठेवायचं, आणि त्याची व्हॅल्यू म्हणून अख्ख्या ऑर्डरचं जेसन द्यायचं.

जावा कॉल करण्याआधी त्याला द्यायच्या व्हॅल्यू काढून ठेवते. म्हणजे स्पॅन सॅम्पल झालेला नसला तरी जेसन आधी बनणारच, आणि तो रिकामा स्पॅन ते टाकून देणार. शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्टमध्ये आम्ही फेकून द्यायला जेसन बनवत होतो. सॅम्पलिंग एक टक्का करा नाहीतर शून्य करा, हा खर्च तसाच राहतो.

उपाय एका ओळीचा आहे: बनवायला महाग असलेली व्हॅल्यू काढण्याआधी स्पॅनला 'इज रेकॉर्डिंग' (तू नोंदवतोयस का) विचारा, उत्तर हो आलं तरच काढा. पण हे करताना तीन गोष्टी सांभाळा. त्या 'इफ'च्या आत ट्रेसिंगखेरीज काहीही ठेवू नका. आमच्याकडे एकाने ऑर्डरचा क्रमांक भरणारी ओळ चुकून आत ओढली, आणि क्रमांक फक्त सॅम्पल झालेल्या रिक्वेस्टनाच मिळू लागला. टेस्टमध्ये सॅम्पलिंग पूर्ण होतं, त्यामुळे तिथे काही कळलंच नाही. दुसरं, सॅम्पलर ज्यावरून निर्णय घेतो ती अ‍ॅट्रिब्यूट्स स्पॅन सुरू करतानाच द्यावी लागतात, तिथे हा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून ती स्वस्त असू द्या. स्पॅनचं नावही कायमचं ठेवा, त्यात ऑर्डर क्रमांक जोडू नका. आणि तिसरं, मी यावर ठाम आहे: अख्खी रिक्वेस्ट ट्रेसमध्ये जाताच कामा नये. गिऱ्हाइकाचा फोन आणि पत्ता त्यात असतो. हवा तो क्रमांक द्या, बाकीचं काढून टाका.

लूपच्या आत स्पॅन नको. डेटाच्या ४०० ओळींसाठी ४०० स्पॅन करण्यापेक्षा बाहेर एक स्पॅन ठेवून त्यावर ओळींची संख्या लिहा. स्पॅन साठवून गठ्ठ्याने पाठवणाऱ्या बॅच प्रोसेसरची रांग मुळात २०४८ स्पॅनची असते. सॅम्पल झालेल्या अशा सहा रिक्वेस्ट एकदम आल्या की ती भरते आणि पुढचे स्पॅन गळतात. रांग वाढवण्याआधी स्पॅन कमी करा. एकेक स्पॅन संपताच पाठवणारा सिंपल प्रोसेसर फक्त आपल्या लॅपटॉपवर.

मग तीच तीन मोजमापं पुन्हा घ्या. पहिल्या दोघांत अजून मोठा फरक दिसत असेल, तर जावा एजंटने (कोड न बदलता ट्रेसिंग जोडणाऱ्या साधनाने) आपणहून लावलेली इन्स्ट्रुमेंटेशन्स, म्हणजे लायब्ररींत पेरलेले ट्रेसिंगचे कॉल्स, बघा. एजंट वेगवेगळ्या लायब्ररींसाठी ती वेगवेगळी बंद करू देतो. एका वेळी एकच बंद करा आणि लगेच मोजा. दोन एकदम बंद केलीत तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही.