पारायण झालं, पुस्तक राहिलं: विज्ञान-समाजावरची पुस्तकं वाचताना या चुका टाळा

तबल्याच्या क्लासबाहेर मुलाची वाट पाहत बसलेल्या एका बाईंनी मला एकदा वही दाखवली. मुलाने रोज किती मिनिटं रियाझ केला याची नोंद, महिन्याची बेरीज आणि पहिल्याच पानावर लाल शाईच्या चौकटीत लिहिलेलं: १०,००० तास. ‘पुस्तकात दिलंय, एवढे तास झाले की माणूस तयार होतो,’ त्या म्हणाल्या. पुस्तक मीही वाचलं होतं. मी मान डोलावली.

पुढे केव्हातरी त्या आकड्याचं मूळ शोधलं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सर्वांत सरस गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी १०,००० तासांच्या घरात जात होती. सरासरी, म्हणजे त्या सरस गटातही कितीतरी जण त्या आकड्याच्या खालीच होते. शिवाय विसाव्या वर्षी ती मुलं उत्तम विद्यार्थी होती, उस्ताद झालेली नव्हती. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ मध्ये ‘आउटलायर्स’मध्ये या सरासरीचा नियम करून टाकला. आमच्या अभ्यासातून असा नियम निघत नाही, हे एरिक्सन यांना नंतर स्वतः लिहावं लागलं.

बाईंना काय बोलणार? मान तर मीच डोलावली होती.

सगळी वाक्यं एकाच वजनाची धरणं

ही पुस्तकं आपण पोथीसारखी वाचतो. एक अध्याय संपला की दुसरा, शेवटी फलश्रुती. पोथीत ते चालतं, कारण तिथे प्रत्येक ओवीला सारखाच मान असतो. विज्ञानावरच्या पुस्तकात एकाच परिच्छेदात तीन जातींची वाक्यं शेजारी-शेजारी बसलेली असतात: कुणीतरी मोजलेलं, त्यावरून लेखकाने काढलेलं अनुमान आणि लेखकाचं निव्वळ मत. चांगल्या लेखकाची शैली इतकी गुळगुळीत असते की एकातून दुसऱ्यात कधी घसरलो ते कळत नाही.

मी समासात पेन्सिलीने तीन खुणा करतो: ‘मो’, ‘अ’ आणि ‘म’. पुस्तक वाचनालयाचं असेल तर आत ठेवलेल्या कागदाच्या पट्टीवर, पानाच्या आकड्यासह. प्रत्येक वाक्याला खूण करत बसलात तर वेड लागेल. जे वाक्य उद्या कुणाला तरी सांगावंसं वाटतं, तेवढ्यालाच करा. बर्लिनची सरासरी ‘मो’. ‘एवढे तास केले की कुणीही तयार होतो’ हे फार तर ‘अ’, आणि तेही पातळ. एखाद्या प्रकरणात ‘मो’ एकदाच आणि ‘म’ बारा वेळा निघाला, तर ते प्रकरण निबंध म्हणून वाचायचं. निबंध वाईट नसतो. फक्त वहीत चौकट करण्याआधी थांबायचं.

गोष्ट चोख जमली की तपास थांबवणं

तंत्रज्ञान आणि समाज या विषयात थोडं फिरलात की न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे बुटके पूल तुम्हाला भेटतातच. गोष्ट अशी: तिथले पार्कवे रस्ते उभारणारे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी रस्त्यांवरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधून घेतले. बस उंच असते, ती पुलाखालून जाऊ शकत नाही. बसने फिरणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक त्यामुळे जोन्स बीचच्या चौपाटीपर्यंत पोचू नयेत, असा बेत. मोटारवाला गोरा मध्यमवर्ग मात्र आरामात जाणार. दगडी पुलात भरलेला वंशभेद! मी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर निदान चार वेळा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी लोकांचे घास हातात थांबले आहेत.

तिचा प्रवास पाहा. रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ मध्ये मोझेस यांचं चरित्र लिहिलं. पुलांमागच्या हेतूबद्दल त्यांनी मुख्यतः मोझेस यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आठवणींचा आधार घेतला होता. १९८० मध्ये लँग्डन विनर यांनी ‘वस्तूंनाही राजकारण असतं का?’ असा प्रश्न विचारणाऱ्या गाजलेल्या लेखात ती उदाहरण म्हणून घेतली आणि तिथून ती शेकडो वर्गांत शिकवली गेली. १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेस या जर्मन समाजशास्त्रज्ञाने प्रश्न उभा केला: पार्कवेवर बस आणि मालमोटारींना मुळात बंदीच होती, मग त्यांना अडवायला पूल बुटके कशाला हवेत? आणि चौपाटीला जायला दुसरे रस्तेही होते. झालं, गोष्ट खोटी ठरली असं वाटतं ना? तर २०१७ मध्ये थॉमस कँपानेला यांनी त्या काळातल्या वेगवेगळ्या पार्कवेवरच्या पुलांची उंची ताडून पाहिली, आणि मोझेस यांच्या एका रस्त्यावरचे पूल इतरांपेक्षा खरोखरच ठेंगणे निघाले.

म्हणजे उंची मोजलेली आहे, बंदी कागदावर आहे, आणि हेतू मात्र एका माणसाच्या आठवणीवर उभा आहे. गोष्ट पुरती खोटीही नाही आणि जेवणाच्या टेबलावर सांगितली जाते तितकी चोखही नाही. अशा जागी बहुतेक वाचक दोन टोकं गाठतात: एक तर गोष्ट तशीच सांगत राहतात, नाहीतर ‘सगळं थोतांड’ म्हणून विषयच झटकून टाकतात. दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण तिच्यात शहाणपणाचा आव असतो. वस्तूंच्या रचनेत सत्ता शिरते हा विनर यांचा मुद्दा काही त्या पुलांवरच उभा नव्हता.

गोष्ट फारच सुरेख वाटली की एकच प्रश्न विचारा: हे लेखकाला कुणी सांगितलं? मागच्या टिपांत उत्तर असतं. मराठी अनुवादात कधी कधी टिपाच गाळलेल्या असतात. मग मूळ पुस्तकाची प्रत वाचनालयात शोधून तेवढं एक पान पाहावं लागतं.

पुस्तकाचं वय न पाहणं

डॅनिएल काहनेमन यांच्या २०११ च्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मध्ये एक प्रयोग आहे. म्हातारपणाशी निगडित शब्दांची वाक्यं जुळवायला दिलेले विद्यार्थी नंतर व्हरांड्यातून हळू चालत गेले. हा प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला. अशा निष्कर्षांवर अविश्वास ठेवायची सोयच नाही, अशा अर्थाचं काहनेमन यांनी ठामपणे लिहून ठेवलं. पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, ब्रुसेल्सच्या गटाने चालण्याचा वेग इन्फ्रारेड किरणांच्या यंत्राने मोजला, तर परिणाम दिसेना. प्रयोग घेणाऱ्यांच्या मनात अपेक्षा पेरली, तेव्हा तो दिसला! २०१७ मध्ये काहनेमन यांनी जाहीरपणे मान्य केलं की फार थोड्या लोकांवर केलेल्या अशा अभ्यासांवर आपण नको इतका भरवसा ठेवला. नोबेल मिळालेला माणूस असं म्हणू शकतो, याचं मला पुस्तकापेक्षाही जास्त कौतुक वाटतं.

पण छापील प्रत बदलत नाही. आणि आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. अनुवादाच्या पहिल्या पानांवर ‘प्रथमावृत्ती’ म्हणून जे साल असतं ते अनुवादाचं असतं. मूळ पुस्तक त्याच्या आठ-दहा वर्षं आधीचं असू शकतं. जवळच बारीक अक्षरात मूळ पुस्तकाचं साल शोधा. कृत्रिम बुद्धिमत्ता, आहार, मानसशास्त्र या विषयांत दहा वर्षं म्हणजे एक पिढी. न्यूटनवरचं पुस्तक असेल तर निश्चिंत राहा.

टक्के वाचून दचकणं

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला: नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या पिढीच्या गोळ्यांपेक्षा दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात ७,००० पैकी एकीला होणारा त्रास ७,००० पैकी दोघींना होत होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. गंमत म्हणजे गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ‘दुप्पट’, ‘तिप्पट’, ‘४० टक्क्यांनी’ असं दिसलं की आधी किती होतं ते शोधा. ते दिलंच नसेल तर त्या वाक्यासमोर मी ‘मो’ सुद्धा लिहीत नाही.

अनुवादात शून्यांचीही गडबड होते. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. आकडा अशक्य वाटला तर आधी अनुवादकावर संशय घ्या, मग लेखकावर.

पुस्तकाची कीर्ती वाचणं

‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हे १९७२ चं पुस्तक. २००० सालापर्यंत जगातलं तेल आणि धातू संपतील असं भाकीत त्यात होतं आणि ते सपशेल फसलं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते खरं मानूनच पुस्तक उघडलं. तसं भाकीत त्यात नाही. साठे तेवढेच राहिले आणि वापर वाढत गेला तर किती वर्षं पुरतील, असा एक तक्ता आहे. शेजारच्याच रकान्यात साठे पाचपट धरूनही हिशेब दिलाय. संगणकावर चालवलेल्या अनेक शक्यतांपैकी एक शक्यता आहे तसंच चालू ठेवण्याची. तिच्यात लोकसंख्येची आणि उत्पादनाची घसरण येते ती एकविसाव्या शतकात. पुस्तकावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण ती त्या पुस्तकावर व्हावी.

‘द सेल्फिश जीन’चं तर नुसत्या नावाने वाटोळं झालं. जनुक स्वार्थी म्हणजे माणूस स्वार्थीच असणार, असं त्यात सांगितलंय असं समजून लोक भांडतात. सजीव एकमेकांना मदत का करतात, हाच त्यातला मोठा विषय आहे.

लेखक कुठे उभा आहे हे न विचारणं

इथे हेतूवर संशय घ्यायचा नाही, जागा बघायची. जयंत नारळीकर यांच्यासारखा विश्वरचनेवर सोप्या मराठीत लिहिणारा वैज्ञानिक विरळा. आणि ते स्वतः महास्फोटाच्या सिद्धान्ताचे टीकाकार होते. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी प्रारूप मांडलं. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूचे. हे माहीत असलं की त्यांची पानं जास्त रंगतात, कारण आतला वाद ऐकू येतो.

पॉल एर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बाँब’ १९६८ चं. ते उघडतं दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्री, टॅक्सीच्या काचेतून दिसणाऱ्या गर्दीवर. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील असं ते सांगतं. तसं झालं नाही. भारतीय वाचकाने तो पहिला प्रसंग पुन्हा वाचावा: तिथे मोजलेलं काहीच नाही, फक्त एका पाहुण्याला आलेली घुसमट आहे. खूण कोणती करायची ते तुम्हीच ठरवा.

आणि पुस्तक अडकलंच तर

पन्नास पानांत दम लागला तर बहुधा तुम्ही इतिहासाच्या प्रकरणात रुतला आहात. ते सोडून तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकरणावर उडी मारा, लेखकाचा खरा जीव सहसा तिथे असतो. परिभाषा टोचत असेल तर मराठी विश्वकोशातली त्या शब्दावरची नोंद आधी वाचा. दहा मिनिटं लागतात. मराठी पुस्तकाला मागे सूची नसेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच करा, वीसेक शब्द पुरतात. आणि सोडायचंच असेल तर बेलाशक सोडा, पण कुठे आणि का अडलं त्याची चिठ्ठी आत ठेवा. माझ्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात अशी चिठ्ठी आहे: ‘पान ८४, एंट्रॉपी डोक्यावरून गेली.’ दोन वर्षांनी ते पुन्हा उघडलं तेव्हा सुरुवात पान ८४ पासून केली. सध्या पान १३१ वर आहे, नवी चिठ्ठी लिहून.