हाताने रंगवलेले चित्र छपाईसाठी तयार करताना
चित्रकला आणि ग्राफिक डिझाइन ही दोन्ही कामे करणाऱ्याने चित्र पूर्ण वाळू द्यावे आणि दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांच्या कोनातून सारखा प्रकाश पाडून, कॅमेरा चित्राला समांतर ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे. अन्यथा रंगाच्या जाड थरांवर चकाकी येते. ३० सेंटिमीटर रुंदीच्या छपाईसाठी, प्रति इंच ३०० पिक्सेल या हिशेबाने, सुमारे ३,५४३ पिक्सेल रुंदीची प्रतिमा लागते. खरी कसोटी रंगांची असते: पडद्यावर झळाळणारा निळा किंवा नारिंगी रंग छपाईच्या चार शायांमध्ये (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी) मंदावतो, म्हणून मूळ चित्र शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात नमुना प्रत तपासल्याशिवाय छपाईला संमती देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.