दुष्काळात कोणते रोप तगेल? रोपवाटिकेत घ्यायची कडुनिंबाची चाचणी

युरोप व उत्तर अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ वेगवेगळ्या प्रदेशांतले पाइन-स्प्रूसचे बी एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर वाढवतात. परिस्थिती सर्वांना सारखी असल्यामुळे रोपांत उरणारा फरक बहुतांशी आनुवंशिक मानता येतो. मराठवाड्यात ही झाडे नाहीत, परंतु कडुनिंबासाठी हीच पद्धत वापरता येते.

आष्टी, भूम यांसारख्या कमी पावसाच्या आणि किनवट, माहूर यांसारख्या जास्त पावसाच्या तालुक्यांतून प्रत्येकी किमान दहा मातृवृक्ष निवडावेत, आणि ते एकमेकांपासून दूर असावेत, कारण जवळची झाडे बहुधा एकाच झाडाची संतती असतात. पिकलेल्या निंबोळ्या एकाच हंगामात गोळा कराव्यात. या अटीमागे महत्त्वाचे कारण आहे: नॉर्वेतील स्प्रूसमध्ये, बी तयार होताना हवा उबदार असली तर त्याच मातृवृक्षांची रोपे शेंड्याची कळी धरून वाढ थांबवायला उशीर करतात, म्हणजे बियाण्यावर त्या वर्षाच्या हवामानाचाही ठसा उमटतो. त्यामुळे शक्य असल्यास पुढील वर्षी चाचणी पुन्हा घ्यावी.

गर धुऊन बी सावलीत सुकवावे आणि दोन आठवड्यांच्या आत पेरावे, कारण निंबोळीची उगवणशक्ती लवकर घटते. पिशव्यांत माती, वाळू व शेणखत यांचे एकच मिश्रण भरावे. प्रत्येक पिशवीला मातृवृक्षाचा क्रमांक द्यावा आणि पिशव्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. एका गावाची रोपे एकाच ओळीत लावली, तर सावलीचा परिणाम गावाच्या नावावर जमा होईल.

रोपे तीन महिन्यांची झाल्यावर निम्म्यांचे पाणी तोडावे, निम्म्यांना नेहमीप्रमाणे द्यावे. आठवड्याला उंची, बुंध्याची जाडी आणि पानगळ नोंदवावी. पानांतील पाणी मोजण्यासाठी पान तोडताच वजन करावे, ते काही तास पाण्यात ठेवून दुसऱ्यांदा, आणि ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून तिसऱ्यांदा. पहिल्या व तिसऱ्या वजनातील फरकाला दुसऱ्या व तिसऱ्या वजनातील फरकाने भागून शंभराने गुणावे. पाणी तोडल्यावरही ही टक्केवारी टिकवणारे रोप पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) वेळीच मिटत असावे किंवा त्याची मुळे खोल गेली असावीत. यांतले नेमके काय, याचा अंदाज शेवटी काही रोपे उपटून मुळे व खोड वेगवेगळी वाळवून तोलल्यावर येतो.

उंच रोप म्हणजे उत्तम रोप, हा समज येथे कटाक्षाने टाळावा. भरपूर पाण्यावर झपाट्याने वाढणारे रोप पानांतून पाणीही अधिक सोडते, म्हणून उंचीचा तक्ता पाणी तोडलेल्या आणि न तोडलेल्या रोपांसाठी स्वतंत्र ठेवावा.