जीपीएस यंत्र घेताना हातमोजे सोबत न्यावेत

खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला कच्च्या वाटेवर गाडी घातली, की मोबाइलची रेंज जाते आणि पडद्यावरचा नकाशा कोरा राहतो. उपग्रहांचा संकेत मात्र येतच असतो. म्हणून यंत्र निवडताना पडद्याच्या आकाराआधी नकाशा यंत्रातच साठवता येतो का आणि जीपीएक्स फाइल (वाटेची नोंद साठवणारी फाइल) थेट उघडते का, हे पाहावे.

दुकानात जाताना गाडीवर वापरतो तेच हातमोजे न्यावेत. ते घालून, बोटांवर थोडे पाणी शिंपडून, नकाशा लहान-मोठा करावा आणि वाटेची नोंद सुरू करून पाहावी. टचस्क्रीन तिथेच दाद देईनाशी झाली, तर बटणांचे यंत्र घ्यावे. (आमच्याकडचा आषाढ पाहता मी तरी बटणेच पसंत केली.) चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नखाने चार-पाच वेळा उघडून घट्ट बसते का, तेही तपासावे, कारण तांबडा चिखल नेमका तिथेच शिरतो. आयपीएक्स ७ या दर्जाचे यंत्र १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकते. त्याहून खालचा दर्जा घेऊ नये. बदलता येणारे एए सेल असतील तर उत्तम, ते खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळून जातात.

एक खबरदारी घ्यावी: उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र परदेशातून मागवू नये, सरकारी परवानगीशिवाय ते भारतात बाळगल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते.