आजोबांसाठी ओफ्रेंदा कशी मांडावी

मेक्सिकन कुटुंबांत, मग ती मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातली असोत वा टेक्सासमधली, दिवंगत आजोबांची, म्हणजे आबुएलोंची, आठवण १ आणि २ नोव्हेंबरला, दिआ दे लोस मुएर्तोस म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या सणात, घरातल्या ओफ्रेंदापाशी, म्हणजे नैवेद्य मांडलेल्या वेदीपाशी, जागवली जाते. पहिला दिवस दिवंगत मुलांचा आणि दुसरा मोठ्यांचा मानतात.

टेबलावर खोकी रचून दोन-तीन पायऱ्या कराव्यात, त्यांवर स्वच्छ कापड अंथरावे आणि सर्वांत वर आजोबांचा फोटो ठेवावा. या फोटोत हयात असलेले कोणी नसावे, असा संकेत अनेक घरांत पाळतात. दूरच्या प्रवासाने तहानलेल्या आत्म्यासाठी पेलाभर पाणी, शुद्धीसाठी मीठ आणि कोपालचा, म्हणजे झाडाच्या सुगंधी राळेचा, धूप हवाच. दारापासून ओफ्रेंदापर्यंत सेंपासूचिलच्या, म्हणजे झेंडूच्या, पाकळ्यांची वाट घालावी. (आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा तिकडचाच.) कातरकाम केलेल्या पापेल पिकादोच्या रंगीत पताका मेणबत्त्यांपासून लांब बांधाव्यात, पातळ कागद क्षणात पेटतो.

खरा वेळ नैवेद्याला द्यावा. हाडांच्या आकाराच्या पट्ट्या लावलेला, साखर भुरभुरवलेला पान दे मुएर्तो हा गोड पाव बेकरीतून आणला तरी चालेल, परंतु आजोबांना आवडणारे मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचे दाट कालवण, आजीला किंवा आत्याला विचारून घरीच करावे, कारण मिरच्या भाजताना, तीळ वाटताना आणि चव घेताना त्यांचे किस्से आपोआप निघतात आणि नातवंडांना ते तिथेच ऐकायला मिळतात. शेजारी त्यांची टोपी आणि डॉमिनोच्या झिजलेल्या सोंगट्या ठेवाव्यात. २ तारखेला सगळ्यांनी मिळून तो नैवेद्य वाटून खावा.